हीटरच्या पत्रातली ‘एफडी’

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, गाडीच्या हीटरवर २४ हजार रुपये खर्च करावेत की गाडीच बदलावी. वय ४३, हातात येणारा पगार ९२ हजार, गृहकर्जाची बाकी ३२ लाख आणि हप्ता ३६ हजार, पत्नी घरी शिकवण्या घेतात, मुलगी नववीत आहे. महिन्यातून दोनदा ते शनिवारी पहाटे कसारा घाटातून निफाडला आईवडिलांकडे जातात. गाडी २०१५ ची, पेट्रोलवर चालणारी, ९६ हजार किलोमीटर झालेली. डिसेंबरात निफाडच्या थंडीत हीटर लावला, तेव्हा गार हवाच येऊ लागली. गॅरेजने सांगितले की हीटर कोअर चोक झाला आहे आणि डॅशबोर्ड उतरवावा लागेल. शोरूमने सांगितले की दहा वर्षे झालेली गाडी आता भंगारातच जाणार, तेव्हा दोन लाखांत एक्स्चेंजला द्या. अकरा लाखांच्या नव्या गाडीसाठी दोन लाख एक्स्चेंजचे, दोन लाख ‘बँकेतल्या एफडीचे’ आणि उरलेल्या सात लाखांचे सात वर्षांचे कर्ज, असा त्यांचा बेत आहे.

प्रथम हीटरचे पाहू. मोटारीच्या हीटरला स्वतःची शेगडी नसते. इंजिनात तापलेले कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून (हाच हीटर कोअर) फिरते, पंखा त्यावरून हवा ढकलतो आणि ती ऊब आपल्यापर्यंत येते. म्हणजे हवा जोरात येत असूनही गार असेल, तर एक तर गरम कूलंट तिथे पोहोचत नाही, किंवा गरम-गार हवेची वाट बदलणारी आतली झडप अडकली आहे. कूलंट न पोहोचण्याची कारणेही ठरलेली आहेत : पातळी कमी होणे, नळ्यांत हवा अडकणे, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप) उघडाच राहणे, वॉटर पंप क्षीण होणे, आणि हीटर कोअर गाळाने तुंबणे. या यादीतले सर्वांत महाग काम गॅरेजने सर्वांत आधी सुचवले आहे.

आपल्या पत्रात मात्र दोन वाक्ये अशी आहेत की ती वाचून मी थबकलो. एक, घाट चढताना हवा किंचित कोमट होते आणि सिग्नलला थांबलो की पुन्हा गार पडते. दुसरे, ‘दर पंधरा दिवसांनी बाटलीभर साधे पाणी घालावे लागते, जुनी गाडी आहे, चालायचेच.’ हे चालायचे नाही. कूलंटचा मार्ग बंदिस्त असतो, त्यातले पाणी पंधरा दिवसांत बाटलीभर कमी होत असेल तर ते कुठे तरी जात आहे : रबरी नळीतून, रेडिएटरमधून, पंपाच्या सीलमधून, हीटर कोअरमधूनच, किंवा सर्वांत वाईट म्हणजे हेड गॅस्केटमधून (इंजिनाच्या दोन भागांमधल्या सीलमधून) इंजिनात. इंजिनाचे फेरे वाढले की थोडी ऊब आणि गाडी थांबली की गारवा, हे बहुतेक वेळा पातळी कमी असल्याचे व नळ्यांत हवा भरल्याचे लक्षण असते. वर्षानुवर्षे साधे पाणी घातल्याने आत गंज आणि क्षार साठतात, त्यामुळे कोअर थोडाफार तुंबलाही असेल. पण त्यासाठी लगेच डॅशबोर्ड उतरवण्याचे कारण नाही.

दुसऱ्या गॅरेजमध्ये जाऊन कूलिंग सिस्टीमची प्रेशर टेस्ट करून घ्यावी. इंजिन गरम झाल्यावर हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या मेकॅनिकला हाताने तपासायला सांगाव्यात. कळव्याच्या एका मेकॅनिकने मला माझ्याच जुन्या गाडीवर हे दाखवले होते, आणि त्याला अर्धे मिनिटही लागले नव्हते. दोन्ही नळ्या गरम असतील तर दोष झडपेत असतो, एक गरम व एक गार असेल तर कोअर तुंबलेला असतो, आणि दोन्ही गार असतील तर पातळी, थर्मोस्टॅट किंवा पंप पाहावा लागतो. पुढच्या सीटखालचा गालिचा ओला आहे का, काचेवर आतून चिकट धुके धरते का, हेही पाहावे. तसे असेल तर कोअरच गळत आहे आणि मग २४ हजारांचे काम खरोखरच करावे लागेल. अन्यथा गळती बंद करणे, सिस्टीम फ्लश करणे, योग्य कूलंट भरणे, हवा काढणे आणि लागलाच तर थर्मोस्टॅट, एवढे चार ते सात हजारांत बसावे. तोपर्यंत गाडी घाटात नेऊ नये. तापमानाचा काटा लाल रेषेपर्यंत गेला की हेड गॅस्केटचा खर्च पन्नास हजारांच्या घरात जातो, आणि तेव्हा हीटरची आठवणही राहणार नाही.

भंगाराची भीती निराधार आहे. डिझेलला दहा वर्षे आणि पेट्रोलला पंधरा वर्षे ही मर्यादा दिल्ली व परिसरातली आहे. ठाण्यात आपल्या गाडीची नोंदणी २०३० पर्यंत वैध आहे आणि त्यानंतर फिटनेस तपासणी करून नूतनीकरणही होते.

नव्या गाडीचे गणित दोन ओळींचे आहे. सात लाखांवर ९ टक्क्यांनी सात वर्षे म्हणजे दरमहा सव्वाअकरा हजार, एकूण व्याज सुमारे अडीच लाख. आपली धाव वर्षाला दहा हजार किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे पेट्रोल भरण्यापूर्वीच प्रत्येक किलोमीटरला साडेतेरा रुपये नुसता हप्ता. सात हजारांची दुरुस्ती टाळण्यासाठी हा व्यवहार करू नये.

आता त्या ‘एफडी’कडे येतो, कारण हे उत्तर खरे तर तिच्यासाठीच लिहिले आहे. आपण लिहिता : ‘दरवर्षी फेब्रुवारीत एक लाख खात्यातून आपोआप वळते होतात, दहा वर्षे भरायचे आहेत, विसाव्या वर्षी बावीस लाख मिळतील, शिवाय दहा लाखांचे कव्हर आहे, २०२४ आणि २०२५ मिळून दोन लाख जमले आहेत.’ महाशय, मुदत ठेवीला हप्ता नसतो, कव्हर नसते आणि ती वीस वर्षांची नसते. ही आयुर्विम्याची एंडोमेंट पॉलिसी, म्हणजे विमा आणि बचत एकत्र बांधलेली योजना आहे. बँकेच्या शाखेत, बँकेच्या टेबलावर, बँकेच्या कर्मचाऱ्याने विकली म्हणून ती ठेव होत नाही. तिथे बँक विमा कंपनीची एजंट असते आणि तिला त्याचे कमिशन मिळते. ‘सर, ही एफडीसारखीच आहे’ या वाक्यातल्या ‘सारखीच’ या शब्दाने ठाण्यातल्या किती घरांचे नुकसान केले असेल, याचा विचार करून मला आता रागही येईनासा झाला आहे.

ज्या दोन लाखांवर गाडीचा बेत उभा आहे, ते दोन लाख नाहीत. आपली पॉलिसी ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या सरेंडरच्या, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडण्याच्या, सुधारित नियमांपूर्वीची आहे. दोन हप्ते भरून ती सोडली तर हमीचे मूल्य भरलेल्या रकमेच्या तीस-पस्तीस टक्के, म्हणजे साठ-सत्तर हजार असेल. नेमका आकडा विमा कंपनीकडून लेखी मागवावा, शाखेतल्या तोंडी उत्तरावर विसंबू नये.

मग तिसरा हप्ता भरावा का? बावीस लाख हा आकडा बहुधा बेनिफिट इलस्ट्रेशनच्या, म्हणजे पॉलिसीतून किती मिळू शकेल हे दाखवणाऱ्या तक्त्याच्या, ८ टक्के परतावा धरलेल्या रकान्यातला आहे. शेजारी ४ टक्क्यांचाही रकाना असतो, तो आपल्याला कोणी दाखवलेला दिसत नाही, आणि या दोन्हींपैकी एकाचीही हमी नसते. ८ टक्केही खर्च वजा होण्यापूर्वीचे असतात. बावीस लाख खरोखर मिळाले असे धरले, तरी सुरुवातीपासूनचा परतावा जेमतेम पाच टक्क्यांवर पडतो. बुडालेले विसरून यापुढचेच पाहू : आज सत्तर हजारांच्या आसपास घेऊन बाहेर पडलो, ते आणि पुढचे आठ हप्ते सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत (पीपीएफ) टाकले, तर सध्याच्या ७.१ टक्के दराने अठरा वर्षांनी सुमारे चोवीस लाख होतात. तो दर सरकार बदलू शकते, हे मान्य आहे. तरीही विनाहमी बावीस लाखांपेक्षा मी हा मार्ग पत्करीन. आपण नव्या करप्रणालीत आहात, त्यामुळे ८०सीच्या वजावटीचा आधारही या पॉलिसीला उरत नाही.

परताव्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. आपल्यावर ३२ लाखांचे कर्ज आहे, चार माणसे अवलंबून आहेत आणि विमा दहा लाखांचा आहे. उद्या आपले काही बरेवाईट झाले तर विम्याचे पैसे गृहकर्जाचा तिसरा हिस्साही फेडणार नाहीत. आपल्या वयाला, धूम्रपान नसेल आणि प्रकृती ठीक असेल तर, साठाव्या वर्षापर्यंतचा एक कोटीचा टर्म इन्शुरन्स वर्षाला वीस-पंचवीस हजारांत मिळायला हवा. त्यात मुदत संपल्यावर परत काही मिळत नाही, म्हणून शाखेतले लोक तो सुचवत नाहीत. त्यावर कमिशनही बेताचेच असते.

क्रम चुकवू नये. टर्म पॉलिसीचा अर्ज याच आठवड्यात करावा, रक्तदाब किंवा साखर असेल तर ती लपवू नये, आणि वैद्यकीय तपासणी होऊन पॉलिसी हातात आल्यावरच जुनी सोडावी. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, त्यामुळे फेब्रुवारीची तारीख उलटली तरी धावपळ करण्याचे कारण नाही. मात्र आपोआप वळते होणारा हप्ता थांबवण्याचे पत्र बँकेला आधीच लेखी द्यावे व त्याची पोच घ्यावी. नाहीतर आपण विचार करत असतानाच एक लाख गेलेले असतील. दिशाभूल झाल्याची तक्रार विमा कंपनीकडे करावी आणि महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालांकडे जावे. तिथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. फार आशा धरू नये, कारण अर्जावर आपली सही आहे, आणि पॉलिसी हाती आल्यावर ती परत करण्यासाठी मिळालेली फ्री-लुक मुदत केव्हाच संपली आहे. तरीही शाखेतून आलेले व्हॉट्सअ‍ॅप संदेश जपून ठेवावेत. कुठे ‘एफडी’ असा शब्द लिहून आलेला असेल, तर तक्रारीला वजन येईल.

तिसरा हप्ता न भरल्याने वाचलेल्या लाखातून टर्मचे पंचवीस हजार गेले, गाडीचे सात हजार गेले. उरलेले ६८ हजार आणि सरेंडरचे पैसे यंदा पीपीएफमध्ये न टाकता एका खऱ्या मुदत ठेवीत ठेवावेत, कारण आपल्या पत्रात भविष्य निर्वाह निधीखेरीज अडीअडचणीला हाताशी असलेला एक रुपयाही दिसत नाही. येत्या शनिवारी निफाडला रेल्वेने जावे.