तेस्सितोरी म्हणजे कोष्टी? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बिकानेरला लुइजी पिओ तेस्सितोरी या इटालियन अभ्यासकाची कबर पाहिली. आमचं घराणं विणकरांचं. 'तेस्सितोरी' म्हणजे विणकर, असं तिथे कुणीतरी सांगितलं, म्हणून कुतूहल वाढलं. पण मुलीच्या मिलानमधल्या सहकाऱ्यांनी हे आडनाव कधी ऐकलेलंच नाही. ते आलं कुठून आणि आढळतं कुठे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : अर्थ बरोबर सांगितला गेलाय. 'तेस्सितोरे' म्हणजे विणकर आणि 'तेस्सितोरी' हे त्याचं अनेकवचन. मात्र आडनावाचा अर्थ कळला म्हणजे घराण्याचं मूळ कळलं असं होत नाही. विणकर इटलीच्या प्रत्येक गावात होते. त्यांच्यापैकी कुणाच्या पोरांना हे नाव चिकटलं, ते शोधायला आधी नावाची शेपटी बघायची, मग नकाशा आणि शेवटी दप्तर. बहुतेक जण अर्थापाशीच थांबतात.

शेपटीपासून सुरुवात करू. दक्षिणेत, विशेषतः नेपल्सच्या बाजूला, हेच आडनाव एकवचनात 'तेस्सितोरे' असं आहे. शेवटी 'ई' आला की नजर मध्य आणि उत्तर इटलीकडे वळवायची. हा 'ई' घराण्याचं अनेकवचन आहे. आपण 'तो जोश्यांचा मुलगा' म्हणतो ना, तसा हा 'कोष्ट्यांचा'. लॅटिन दप्तरात 'विणकराचा' या अर्थी 'तेक्स्तोरिस' अशी षष्ठी लिहीत, तिचाही त्याला आधार मिळाला. बोलीतही हीच रीत होती. उदिने हे ज्या प्रदेशाचं मुख्य शहर, त्या फ्रिउलीत आजही घराण्याचा उल्लेख 'केइ दि…' म्हणजे 'अमक्यांकडचे' असा करतात.

आता नावाच्या मधला 'त' पाहा. उत्तरेच्या बोलींमध्ये दोन स्वरांमधला 'त' मऊ होऊन 'द' होतो. व्हेनिसच्या बाजूला विणकराला 'तेस्सिदोर' किंवा 'तेस्सेर' म्हणत. तेस्सारी, तेस्सारो, तेस्सारोलो ही तिथली आडनावं त्याच धंद्यातून आली. म्हणजे उत्तरेत केवळ लोकांच्या तोंडून घडलेलं नाव 'तेस्सितोरी' झालं नसतं. त्याचा 'त' शाबूत राहिला, कारण पाद्री किंवा नोटरी यांनी लिहिताना ते प्रमाण इटालियन, म्हणजे तोस्कान, वळणावर आणलं. धंदा गावचा आणि स्पेलिंग दप्तरातलं, अशी ही जोडी आहे. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनावं कशी 'शुद्ध' झाली ते आठवा.

भूगोलही हेच सांगतो. तुम्ही ज्यांची कबर पाहिलीत ते तेस्सितोरी १८८७ मध्ये उदिनेत जन्मले. १९१४ मध्ये ते राजपुतान्यातल्या चारणी साहित्याच्या सर्वेक्षणासाठी भारतात आले आणि २२ नोव्हेंबर १९१९ रोजी बिकानेरला वारले. या आडनावाचे दुसरे परिचित गृहस्थ म्हणजे राजकारणी तित्सिआनो तेस्सितोरी. फ्रिउलीच्या स्वायत्ततेसाठी झटलेला हा नेता उदिनेजवळच्या सेदेल्यानोचा. दोघेही एकाच टापूतले. त्या टापूत विणकामाला तोटा नव्हता. अठराव्या शतकात याकोपो लिनुस्सिओ याने डोंगराळ कार्नियातल्या तोल्मेत्सो इथून घरोघरी सूत देऊन कापड विणून घेण्याचा प्रचंड कारभार उभा केला होता. पण हे आडनाव लिनुस्सिओमुळे पडलं असं समजू नका. त्याच्या काळापर्यंत इटलीत बहुतेक आडनावं स्थिरावली होती.

मिलानमध्ये कुणी ऐकलेलं नाही याचं कारणही यातच आलं. इटलीत आडनावांची संख्या अफाट आहे आणि पुष्कळशी एकेका खोऱ्यापुरती असतात. देशाच्या हिशोबाने दुर्मीळ असलेलं नाव एखाद्या गावात गल्लोगल्ली सापडतं.

जाता जाता उच्चाराचं. हिंदी लेखनात 'टैसीटोरी' दिसतं. इटालियन 'त' दंत्य आहे, 'स' दोन आहेत आणि जोर 'तो'वर पडतो. तेव्हा मराठीत 'तेस्सितोरी' लिहावं.

प्रश्न : आडनावांचे नकाशे दाखवणारी इटालियन संकेतस्थळं आहेत. त्यांच्यावर किती विश्वास ठेवावा? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दिशा कळण्यापुरता ठेवावा, मोजणीसाठी नको. यातले बरेच नकाशे टेलिफोन डिरेक्टरीवरून केलेले असतात. डिरेक्टरीत एका घराचं एकच नाव येतं, तेही बहुधा पुरुषाचं. मोबाइल आल्यापासून घरचा फोन काढून टाकलेली कुटुंबं त्यात नाहीतच. तेव्हा नकाशावर '३०' दिसलं तर ती तीस माणसं नव्हेत, तीस जोडण्या आहेत.

दुसरी चूक म्हणजे मोठा ठिपका पाहून तेच मूळगाव मानणं. १९५० आणि ६० च्या दशकांत दक्षिणेतून आणि ईशान्येतून लाखो लोक मिलान-तूरिनच्या कारखान्यांकडे गेले. त्यामुळे जवळपास प्रत्येक आडनावाचा एक ठिपका तिथे असतोच. यावर उपाय म्हणजे लोकसंख्येने भागणं. समजा, साडेतेरा लाखांच्या मिलानमध्ये १२ नोंदी आहेत आणि दोन हजार वस्तीच्या गावात ५. मिलानमध्ये लाखामागे एकसुद्धा पडत नाही, गावात लाखामागे अडीचशे पडतात. शोध त्या गावातून सुरू करायचा. शेजारच्या दोन-तीन गावांतही तुरळक नोंदी असतील तर पकड आणखी पक्की होते, कारण जुन्या काळी लग्नं चालत जाता येईल इतक्या अंतरात होत.

एकाच नावाची सगळी रूपंही शोधून पाहा. एक 'स' गाळलेलं, शेवटचा स्वर नसलेलं, 'त'चा 'द' झालेलं, असं प्रत्येक. अर्जेंटिनात किंवा ब्राझीलमध्ये गेलेल्या शाखांत हे बदल हमखास सापडतात. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर अधिकाऱ्यांनी नावं बदलली, ही गोष्ट मात्र सोडून द्या. प्रवाशांच्या याद्या जहाज सुटायच्या बंदरात तयार होत, बेटावर त्या फक्त पडताळल्या जात. नावं बदलली ती नंतर, शाळेत, कारखान्यात आणि नागरिकत्वाच्या अर्जात.

प्रश्न : गाव सापडलं तर पुढे काय? इटालियन कामापुरतं वाचता येतं, लॅटिन नाही. (एक वाचक, तूरिन)

उत्तर : कामापुरतं इटालियन पुष्कळ झालं. इटलीच्या शासकीय अभिलेखागारांचं 'आन्तेनाती' म्हणजे 'पूर्वज' नावाचं संकेतस्थळ आहे. त्यावर जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदवह्यांची पानं फुकट पाहता येतात. आधी जिल्ह्याचं अभिलेखागार निवडायचं, मग कोमुने म्हणजे गावची नगरपालिका, मग वर्ष आणि शेवटी वहीचा प्रकार : 'नाती' जन्म, 'मात्रिमोनी' विवाह, 'मोर्ती' मृत्यू. पान पान उलटत बसू नका. वहीच्या शेवटी वर्षाची सूची असते आणि पुष्कळ ठिकाणी दहा वर्षांची एकत्र सूचीही असते. नेपोलियनच्या काळातल्या काही सूच्या आडनावाप्रमाणे नसून पाळण्यातल्या नावाप्रमाणे लावलेल्या आहेत. 'त'खाली काही मिळालं नाही म्हणून वही बंद करू नका.

कोणत्या काळाची वही मिळेल हे प्रदेशावर ठरतं. दक्षिणेत, सिसिली वगळता, नागरी नोंदी १८०९ पासून आहेत आणि सिसिलीत १८२० पासून. फ्रिउली आणि व्हेनेतोत (व्हेनिसच्या प्रदेशात) नेपोलियनच्या राज्यात १८०६ ते १८१५ दरम्यान नोंदी झाल्या, पुढे ऑस्ट्रियाच्या राज्यात हे काम चर्चकडे गेलं. इटालियन राज्याची नोंदणी तिथे सुरू झाली ती सप्टेंबर १८७१ मध्ये. मधल्या पंचावन्न-छप्पन्न वर्षांसाठी आणि १८०६ च्या आधीसाठी गावच्या चर्चचे बाप्तिस्मा-विवाहाचे ग्रंथ पाहावे लागतात. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहाची नोंदवही ठेवणं पाद्र्यांवर बंधनकारक केलं, त्यामुळे पुष्कळ गावांत सतराव्या शतकापर्यंत सहज मागे जाता येतं.

विवाहाच्या वहीसोबत 'आल्लेगाती' म्हणजे जोडकागद असतात, त्यांकडे दुर्लक्ष करू नका. वधू-वरांच्या बाप्तिस्म्याचे दाखले, वारलेल्या आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले आणि कधी कधी आजोबांचाही दाखला त्यात सापडतो. एका लग्नाच्या बाडात दोन पिढ्या हाती लागतात.

वाचताना घात होतो तो दोन-तीन बारीक शब्दांनी. 'जोव्हान्नी दि पिएत्रो' म्हणजे पिएत्रोचा मुलगा जोव्हान्नी, वडील हयात. 'जोव्हान्नी फु पिएत्रो' म्हणजे कै. पिएत्रोचा मुलगा. लॅटिनमध्ये याच 'फु'ला 'क्वोन्दाम' म्हणतात आणि लिहितात नुसतं एक अक्षर, 'क्व'. वंशावळींत 'दि पिएत्रो' हे आडनाव म्हणून आणि 'क्वोन्दाम' हे मधलं नाव म्हणून चढलेलं दिसतं. असं एकदा झालं की पुढच्या सगळ्या पिढ्या चुकतात. 'दिक्तुस' म्हणजे 'ऊर्फ', त्याच्यापुढे येतं ते घराचं टोपणनाव. एका गावात एकाच आडनावाची वीस घरं असली की घरं ओळखायला हे टोपणनावच कामी येतं.

'तेस्सितोरे' हा शब्द धंदा म्हणून आलाय की आडनाव म्हणून, हे मोठ्या लिपीतल्या पहिल्या अक्षरावरून ठरवू नका. लेखनिक ते अक्षर मनाला येईल तसं काढीत. मुलाची नोंद काढा. मुलगा 'कोन्तादिनो' म्हणजे शेतकरी असूनही त्याच्या नावाला विणकर लागलेलाच असेल, तर तिथे ते आडनाव झालं.

बायकांचा शोध आपल्याकडच्यापेक्षा सोपा. इटलीत लग्नानंतरही कागदोपत्री माहेरचं आडनाव राहतं, त्यामुळे आजीला तिच्या वडिलांच्या आडनावाखाली शोधायचं.

फ्रिउलीपासून पूर्वेकडे गोरिझिया, त्रिएस्तेकडे सरकलात तर आणखी एक पायरी वाढते. तो मुलूख पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाकडे होता. आडनावं बदलण्याचा १९२६ चा, मुळात त्रेंतो प्रांतासाठी काढलेला हुकूम १९२७ मध्ये तिथे लागू झाला आणि स्लोव्हेन, क्रोएशियन, जर्मन वळणाची आडनावं इटालियन करण्यात आली. त्यामुळे तिथलं एखादं नाव शंभर वर्षांपलीकडे मिळेनासं झालं, तर ते आधी कोणत्या भाषेत होतं ते बघा. उदिने शहर १८६६ पासूनच इटलीत असल्याने तिथल्या तेस्सितोरींना हा नियम लागू नव्हता.

प्रश्न : दुर्मीळ आडनाव म्हणजे जुनं, खानदानी, असं मानतात. खरं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पुष्कळदा उलट असतं. टाकून दिलेल्या मुलांना अनाथालयं आडनाव देत. नेपल्सच्या आन्नुन्त्सियाता संस्थेत भिंतीतल्या फिरत्या लाकडी पिंपात मूल ठेवून जात आणि त्याला 'एस्पोझितो', म्हणजे 'उघड्यावर ठेवलेला', हे नाव मिळे. रोममध्ये 'प्रोएत्ती', फिरेंझेत (फ्लॉरेन्समध्ये) 'इन्नोचेन्ती', मिलानमध्ये 'कोलोम्बो' दिलं जाई. एस्पोझितो आणि कोलोम्बो तर इतके पसरले की आज त्यांना कुणी दुर्मीळ म्हणणार नाही. (पण प्रत्येक कोलोम्बोचा पूर्वज अनाथालयातलाच, असंही नाही. कोलोम्बो म्हणजे कबूतर, ते टोपणनाव म्हणूनही पडे.) नेपल्समध्ये नेपोलियनच्या काळातला राजा जोआकिम म्युरा याच्या राजवटीत 'एस्पोझितो' देण्यावर बंदी आली, कारण ते नाव जन्मभराचा शिक्का ठरे. मग प्रत्येक मुलाला नवं नाव बनवून द्यायची पद्धत वाढली. महिना, फूल, गावचा संत, कारकुनाला सुचेल ते.

अशी बनवलेली नावं आज दुर्मीळांच्या यादीत दिसतात. ओळखायची खूण : आडनाव एकाच गावात आहे, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभाआधी कुठेच नाही आणि पहिल्या नोंदीत आई-वडिलांच्या जागी 'इन्योती' म्हणजे 'अज्ञात' लिहिलंय. तिथे वंशावळ थांबते. 'दिओताल्लेवी' म्हणजे 'देव तुला वाढवो' हे मात्र या माळेत सरसकट ओवू नये, मध्ययुगात आई-बापही हौसेने असं नाव ठेवीत.

प्रश्न : आमचं आडनाव कोस्टा. इटलीतही कोस्टा भरपूर आहेत. पूर्वज इटालियन असतील का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : नावावरून तसं म्हणता येणार नाही. 'कोस्टा' म्हणजे उतार किंवा किनारा, आणि लॅटिनच्या पोटी आलेल्या इटालियन आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषांत ते वेगवेगळं घडलं. गोव्यात बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं आडनाव घेण्याची रीत होती आणि ती नावं पोर्तुगीज होती. तुमचा माग पणजीच्या अभिलेखागारात आणि तुमच्या गावच्या चर्चच्या ग्रंथांत लागेल. इटालियन माणसं गोव्यात आली होती हे खरं. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत मारला गेलेला रोदोल्फो आक्वाविवा हा आत्रीच्या सरदार घराण्यातला, आणि फिरेंझेचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती १५८८ मध्ये गोव्यातच वारला. पण आक्वाविवा जेझुइट, म्हणजे ब्रह्मचर्य पाळणारा कॅथलिक पाद्री होता, त्याचं आडनाव पुढे कुणाला जाण्याचा प्रश्नच नव्हता.

प्रश्न : इंटरनेटवर आडनावाचं कुलचिन्ह चौकटीत घालून विकतात. घ्यावं का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : भिंतीला शोभा म्हणून घ्या. कुलचिन्ह घराण्याचं असतं, आडनावाचं नसतं. एकाच आडनावाच्या दहा घराण्यांपैकी एखाद्याकडेच ते असायचं, विकणारा मात्र दहाही जणांना तेच देतो.