दातांना तार नेमकी कधी बसवावी?

प्रश्न : माझ्या मुलीला नुकतीच आठ वर्षे पूर्ण झाली. तिचे वरचे पुढचे पक्के दात आले आहेत. पण मधल्या दोन दातांत फट आहे आणि दात पंख्यासारखे बाहेरच्या बाजूला पसरलेले दिसतात. शेजारच्या मुलीला नवव्या वर्षीच तार बसवली, म्हणून आपणही लगेच बसवावी असे मला वाटते. सासूबाईंचे म्हणणे असे, की सगळे दुधाचे दात पडेपर्यंत थांबावे. काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : फटीपुरते सासूबाईंचे ऐकावे, मात्र त्यांचे म्हणणे सरसकट नियम म्हणून धरू नये. या वयात वरचे सुळे अजून वर हाडातच, नाकाच्या दोन्ही बाजूंना असतात आणि खाली सरकताना ते शेजारच्या दातांच्या मुळांवर रेटतात, त्यामुळे त्या दातांची टोके बाहेर कलतात. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे उतरले, की लहानसहान फटी बहुधा आपोआप मिटतात. त्याआधी केवळ दिसायला बरे म्हणून तार लावून दात ओढले, तर मुळे सुळ्यांवर घासून झिजण्याची भीती असते. फट दोन मिलिमीटरपेक्षा मोठी असेल, तर मात्र ती आपोआप मिटेलच असे नाही. तेव्हा मध्ये एखादा जादा दात अडकला आहे का, हे एक्स-रे काढून पाहावे लागते. (पडलेल्या दाताच्या जागी जीभ लावली की नवा दात वाकडा येतो, असे घरोघरी मुलांना बजावतात. चाळा म्हणून चार वेळा जीभ लागल्याने तसे काही होत नाही.)

तपासणी आणि उपचार या दोन गोष्टींची मात्र गल्लत करू नये. अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांची (वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची) संघटना पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करून घेण्यास सांगते, कारण तोवर पहिल्या पक्क्या दाढा आणि पुढचे काही पक्के दात आलेले असतात आणि दोन्ही जबडे एकमेकांवर कसे बसतात हे कळू शकते. अशी तपासणी झालेल्या बहुतेक मुलांना ‘वर्षाने पुन्हा दाखवा’ एवढेच सांगून घरी पाठवले जाते. तुमच्या मुलीची तपासणी अजून झाली नसेल, तर ती आता करून घ्या.

न थांबण्यासारखी कारणे वेगळी आहेत आणि त्यांतले एक तुम्हाला घरीही पाहता येईल. मुलीला उजेडात बसवून मागच्या दाढा एकमेकींवर टेकवायला सांगा आणि बोटाने गाल बाजूला करा. डब्याचे झाकण डब्याच्या बाहेरून बसावे, तशी वरच्या दातांची ओळ सगळीकडे खालच्या ओळीच्या किंचित बाहेर असायला हवी. एका बाजूला ती आत गेली असेल, किंवा तोंड मिटताना हनुवटी एका बाजूला सरकत असेल, तर वरचा जबडा अरुंद असण्याची शक्यता असते. टाळूच्या मधला सांधा वयात येण्यापूर्वी पुरता जुळलेला नसतो, म्हणून जबडा रुंदावण्याचे काम तेव्हा सोपे जाते. मोठेपणी त्यासाठी शस्त्रक्रियाही करावी लागू शकते. खालचे पुढचे दात वरच्या दातांच्या पुढे येत असतील, तरीही थांबू नये, कारण वरचा जबडा पुढे ओढण्याचे उपचार साधारण दहा वर्षांच्या आत अधिक चांगले लागू पडतात. अंगठा चोखण्याची सवय टिकून असेल, मूल सतत तोंडाने श्वास घेत असेल, किंवा वरचे दात इतके पुढे असतील की पडल्यावर ते तुटण्याचा धोका आहे, तरीही लवकर दाखवावे. तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेणे योग्य.

आणखी एक गोष्ट मला वारंवार दिसते. ‘दुधाचीच तर दाढ आहे, पडणारच’ म्हणून किडलेली दाढ सहाव्या-सातव्या वर्षी काढून टाकली जाते. वस्तुतः दुधाची मागची दाढ दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत जागा राखून ठेवत असते. ती गेली, की मागची पक्की दाढ पुढे सरकते आणि नव्या दाताला वाट राहत नाही. ती काढणे अटळच असेल, तर जागा राखणारी पट्टी बसवता येईल का, हे त्याच वेळी विचारावे.

वरीलपैकी काही नसेल, तर पूर्ण तारेचे उपचार बहुधा अकरा ते तेरा या वयात सुरू होतात. खालचा जबडा मागे राहिलेल्या मुलांसाठी उंची झपाट्याने वाढण्याचा काळ सोयीचा असतो. मुलींत तो मुलांपेक्षा सुमारे दोन वर्षे आधी येतो.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा असून दहावीत आहे. दात वेडेवाकडे आहेत. उशीर झाला का? परीक्षेनंतर सुरू करावे का?
– एक पालक, लातूर

उत्तर : उशीर झालेला नाही, हिरड्या निरोगी असतील तर दात कोणत्याही वयात हलवता येतात. जबड्याच्या वाढीचा आधार मात्र आता कमी मिळेल. परीक्षेसाठी थांबलेच पाहिजे असे नाही, कारण दर चार ते सहा आठवड्यांनी एक फेरी एवढाच वेळ लागतो. तार घट्ट केल्यावर मात्र दोन-चार दिवस दात ठणकतात. परीक्षेच्या आठवड्यात तेवढी फेरी टाळावी. उपचार साधारण दीड ते दोन वर्षे चालतात, आणि तार निघाल्यावर रिटेनर (दात नव्या जागी धरून ठेवणारे साधन) वापरला नाही तर दात पुन्हा जागा सोडतात. तार असेपर्यंत चिक्की वर्ज्य, आणि मक्याचे कणीस दाताने न ओरबाडता दाणे सोडवून खावे.