वाचकांचे प्रश्न : पडद्याआडून पाहिलेले भाऊसाहेब

प्रश्न : काकू, आम्ही रत्नागिरीत सातजणी मिळून दर महिन्याला एक पुस्तक वाचतो. या वेळी सदाशिवरावभाऊंच्या तोतयावरची कादंबरी घेतली होती. तीत तोतया रत्नदुर्गाच्या भुयारातून निसटतो, पुण्याला येतो आणि एका रात्री भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई त्याला पडद्याआडून पाहतात. आम्हाला वाचताना रडू आलं. पण आमच्यातल्या एक बाई शाळेत इतिहास शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "सगळी भाकडकथा. असलं वाचूच नये." यात खरं किती? आणि असलं वाचावं की नाही?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, तुमच्या बाईंना माझा नमस्कार सांगा. आणि हेही सांगा की त्यांना जी भाकडकथा वाटते आहे, तिचा सगळ्यात अचाट भाग खरा आहे. पडदा मात्र लेखकाचा.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासराव पडले आणि भाऊ गर्दीत दिसेनासे झाले. अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी काशीराज नावाचा एक पंडित होता. त्याने या लढाईची हकिकत फारसीत लिहून ठेवली आहे. तो म्हणतो, प्रेतांच्या ढिगात शिर नसलेलं एक धड सापडलं. अंगावरच्या खुणांवरून ते भाऊंचं असं ठरलं. मुजफ्फरखान गारद्याने पूर्वी भाऊंवर कट्यार चालवली होती, तिचा वणही त्या खुणांत होता. शिर मागाहून वेगळं मिळालं. दहन झालं. म्हणजे पानिपतावर प्रश्न मिटला होता.

तो मिटला नाही पुण्यात. पार्वतीबाई स्वतः पानिपतावर होत्या, तिथून जीव वाचवून परतल्या आणि त्यांनी कुंकू पुसायचं नाकारलं. भाऊसाहेब येतील, एवढंच. पुढे बावीस वर्षं, १७८३ मध्ये डोळे मिटेपर्यंत, त्या सवाष्णीच्या वेषात वावरल्या. आता विचार करा. घरातली बाई कपाळभर कुंकू लावून समोर उभी आहे, तिच्यादेखत "भाऊ गेले" असं म्हणायची कुणाची छाती होणार? घरातच जे तोंडातून निघत नाही, ते गावात ठामपणे कोण सांगणार? तोतयाला पुण्यात शिरायला वाट मिळाली ती या कुंकवातून, असं मला वाटतं. प्रेम आणि रहस्य इथे दोन वेगळे धागे नाहीतच. पहिल्यामुळेच दुसरं जन्माला आलं.

मी एकतीस वर्षं वाचनालयाच्या काउंटरला बसले. असली पुस्तकं परत येत तेव्हा पानांना तेलाचे डाग असायचे, आणि चाळिसाव्या पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं असायचं, "हा खोटा आहे." लिहिणारा सापडला असता तर त्याला मी जन्मभर सभासदत्व दिलं नसतं. पण तोतयाच्या गोष्टीत ते लिहूनही बिघडत नाही. तो खोटा आहे हे आपल्याला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. कनौजचा ब्राह्मण, नाव सुखनिधान. थोरल्या माधवरावांच्याच काळात त्याचं बिंग फुटलं होतं आणि तो कैदेत पडला होता. मग रहस्य उरलं कुठे?

त्यासाठी तुमच्या भुयाराकडे येऊ. रत्नदुर्गावर तुम्ही भगवतीच्या दर्शनाला जाता, भुयाराचं तोंड पाहिलं असेलच. लेखकाला ते सोडवलं नाही, त्याचा दोष नाही. खरी गोष्ट मात्र जास्त चमत्कारिक आहे. १७७६ च्या सुरुवातीला या कैद्याला मोकळं केलं ते खुद्द रत्नागिरीच्या मामलेदाराने, रामचंद्र नाईक परांजप्याने. राखणदारानेच कुलूप काढलं! आणि बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, हजारोंनी माणसं त्याच्यामागे आली. ही सगळी माणसं खुळी होती का? नारायणरावांचा खून होऊन तीन वर्षंही झाली नव्हती. राघोबादादा इंग्रजांच्या दारात बसलेले. गादीवर सवाई माधवराव, वय जेमतेम दोन वर्षं. अशा वेळी एक कर्ता पुरुष येऊन म्हणतो, मीच भाऊ. तो खरा असावा असं वाटायला फार पुरावा लागत नाही. पुढे तो हरला, समुद्रमार्गे निसटू पाहत असताना रघूजी आंग्र्यांच्या हाती लागला आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली.

म्हणून कादंबरीवर माझा राग असलाच तर तो पडद्यावर आहे, आणि तोही खोटा म्हणून नाही. कागद जिथे गप्प आहेत तिथे कादंबरीकाराने बोलावं, त्याचं कामच ते. पण पार्वतीबाईंनी एकदा त्या माणसाला डोळे भरून पाहिलं की गोष्ट संपली. नवऱ्याला ओळखायला बायकोला तीन पानं लागत नाहीत. त्यातून लेखकाने त्यांच्या तोंडी "तुम्ही माझे नव्हेत, पण तुमच्यामुळे मी पुन्हा जगले" असलं काहीतरी घातलं असेल, तर ती पेशव्यांच्या घरातली बाई नव्हे, रात्री साडेआठच्या मालिकेतली.

मी लिहिणारी असते तर पडद्याआड नाना फडणवीसांना बसवलं असतं. पानिपताला गेले तेव्हा नाना विशीतही नव्हते. आई तिथेच गमावली. स्वतः कसेबसे परतले, ते सगळं त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे. भाऊंना ओळखणारा हाच माणूस पंधरा वर्षांनी कारभारी म्हणून तोतयाचा निकाल लावतो, आणि त्याच शहरात पार्वतीबाई कुंकू लावून जगत असतात. नानांनी त्यांच्याकडे कसं पाहिलं असेल? मला वाचायचंय ते हे.

तर ताई, वाचा. रडू आलं त्याची लाज वाटायला नको. पुढच्या महिन्यात मात्र त्या बाईंनाच काशीराजाची हकिकत मोठ्याने वाचायला लावा. छोटी आहे, एका बैठकीत होते.

प्रश्न : हरिभाऊ आपट्यांची 'उषःकाल' तीनदा हाती घेतली, तीनदा पन्नास पानांत अडकलो. रहस्य आहे, प्रेम आहे असं सगळे म्हणतात. मलाच का कंटाळा येतो?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कारण तुम्ही ती एका दमात वाचायला बसता. ती 'करमणूक' साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली. लोक पुढच्या अंकाची वाट बघत बसायचे. रोज रात्री एकच प्रकरण वाचा आणि उत्सुकता कितीही ताणली तरी पान उलटू नका. पंधरा दिवसांनी मला कळवा.