पॉलिमरेज-१ नसलं तर जीवाणूचं काय अडतं?

तुम्ही विचारलंय की ई. कोलाय या जीवाणूत डीएनएची मुख्य नक्कल जर पॉलिमरेज-३ हे एन्झाइम करतं, तर पॉलिमरेज-१ फक्त आधी सापडलं म्हणून शिकवतात का? फोंड्याला मी मुलांची मायक्रोबायोलॉजीची प्रॅक्टिकल्स घेते. दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच, आणि विचारणारा नीट वाचून आलेला असतो.

आधी सापडलं हे खरं. आर्थर कॉर्नबर्ग यांनी १९५६ च्या सुमारास ते वेगळं काढलं, १९५९ चं नोबेलही त्यांना मिळालं. नक्कल करणारं एन्झाइम ते हेच, असं तेव्हा धरलं गेलं. पण हिशोब जुळत नव्हता. ई. कोलायच्या डीएनएत अक्षरांच्या, म्हणजे बेसच्या, सुमारे ४६ लाख जोड्या. काम एका जागी सुरू होऊन दोन्ही बाजूंनी पुढे सरकतं, म्हणजे एका बाजूला २३ लाख. पॉलिमरेज-१ सेकंदाला जेमतेम १०-२० अक्षरं जोडतं. वीस धरली तरी ३२ तास लागतील, आणि जीवाणू तर साधारण ४० मिनिटांत मोकळा होतो!

१९६९ मध्ये जॉन केर्न्स आणि पॉला डी लुसिया यांनी जीवाणूंच्या हजारो म्यूटंट (जनुकांत बदल झालेल्या) वसाहती एकेक करून तपासल्या, तेव्हा त्यांना एक अशी सापडली की तिच्यात पॉलिमरेज-१ ची अक्षरं जोडण्याची ताकद जवळपास संपलेली होती. तरी ती व्यवस्थित वाढत होती. फक्त अतिनील किरण पडले की ती इतरांपेक्षा फार लवकर मरायची. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या मरण्यात आहे.

आमच्या घरावर अजून मंगळुरी कौलं आहेत. मे महिन्यात कौलं परतायला माणूस येतो. तो रिपांवर बसून पुढचं तडकलेलं कौल काढतो, त्याच जागी चांगलं बसवतो आणि पुढे सरकतो. अख्खं छप्पर एकदम उघडं टाकत नाही. पॉलिमरेज-१ अगदी तसंच चालतं. डीएनएचा एक धागा तुकड्यातुकड्यांनी बनतो, यांना ओकाझाकी तुकडे म्हणतात. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला आरएनएचा छोटा प्रायमर, म्हणजे सुरुवात करून देणारा तुकडा, असतो. पॉलिमरेज-१ चा एक भाग समोरचा प्रायमर कापत जातो, दुसरा मागे डीएनएची अक्षरं भरत येतो. तिसराही भाग आहे: चुकीचं अक्षर बसलं तर ते काढून टाकणारा. कॉर्नबर्गचं एन्झाइम एवढ्यासाठी मला फार आवडतं, एकाच प्रथिनाच्या साखळीत ही तिन्ही कामं आहेत. शेवटची फट मात्र त्याला सांधता येत नाही. ते काम लायगेज या दुसऱ्या एन्झाइमचं, जसं आढ्याची कौलं सिमेंटने पक्की करायला गवंडी लागतो.

केर्न्स यांच्या म्यूटंटमध्ये कापणारा भाग शाबूत होता, म्हणून तो निभावला. आता अतिनील किरणांचं बघा. त्यांनी शेजारशेजारचे दोन थायमिन (डीएनएच्या अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटतात. दुसरी एन्झाइम्स त्या जागेच्या दोन्ही बाजूंना चीर देऊन १२-१३ अक्षरांचा तुकडा काढतात. ते भगदाड मुख्यतः पॉलिमरेज-१ भरतं. ते अधू असेल तर भगदाडं वेळेत बुजत नाहीत.

तुमच्या कॉलेजात यूव्ही (अतिनील) लॅम्प असेल तर सरांना किंवा मॅडमना सांगून त्यांच्यासमोर एवढं करून बघा. आगरच्या प्लेटवर साधा, निरुपद्रवी ई. कोलाय पसरा, झाकण काढून अर्धी प्लेट पुठ्ठ्याने झाका आणि काही सेकंद लॅम्पखाली धरा. डोळ्यांना चष्मा हवाच. नंतर प्लेट काळ्या कागदात गुंडाळून इनक्युबेटरमध्ये ठेवा. आमच्या मुलांनी एकदा ती गुंडाळायचीच राहू दिली. उजेडात फोटोलायेज नावाचं वेगळंच एन्झाइम ते चिकटलेले थायमिन सोडवतं, त्यामुळे उघड्या अर्ध्या भागातही नको तेवढ्या वसाहती उगवल्या. दुसऱ्या दिवशी गुंडाळून केली, तेव्हा पुठ्ठ्याची कड जिथे होती तिथे सरळ रेघ दिसली. एका बाजूला दाट वाढ, आणि दुसऱ्या बाजूला मोजून अकरा ठिपके, दुरुस्ती वेळेत उरकलेले.