पहिला वर्ग की दुसरा? आधी त्या कर्जाचं बघा

प्रश्न : मी 44 वर्षांचा, पत्नी 41 आणि मुलगी 12. यंदा मे महिन्यात आठ दिवस स्वित्झर्लंडला जायचं चाललंय. झुरिक विमानतळावरून ल्युसर्न, मग इंटरलाकेनला मुक्काम, शेवटी मोंत्रो आणि तिथून परत झुरिक. सगळा प्रवास रेल्वेचा, वीस मिनिटांपासून तीन तासांपर्यंतचा. आठ दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास दुसऱ्या वर्गाला सुमारे 420 फ्रँक आणि पहिल्या वर्गाला 665 पडतो. टूरवाले म्हणतात, एवढा खर्च करताय तर पहिल्या वर्गानंच जा. काय करावं?

एकूण खर्च 8 लाख. 3 लाख बचत खात्यात आहेत. उरलेल्या 5 लाखांसाठी बँकेनं आधीच मंजूर केलेलं वैयक्तिक कर्ज घेतोय, मुदत 3 वर्षं, हप्ता 17,100. बँकेच्या आरएमच्या (रिलेशनशिप मॅनेजरच्या) हिशेबानं व्याज 7.7 टक्के पडतं. आमची 6 लाखांची एफडी 7 टक्क्यांवर आहे, पाऊण टक्क्यासाठी ती कशाला मोडायची? सोबत 20,000 रुपयांचा कर्जसुरक्षा विमाही मिळतोय. दिवाळीत लाखभर बोनस येतो, तेव्हा कर्ज फेडून टाकू. मी 30 टक्के कराच्या टप्प्यात आहे. घरखर्च गृहकर्जाच्या हप्त्यासह महिना 85,000.

उत्तर : दुसरा वर्ग घ्या. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे, आणि त्याची कारणंही देतो. पण पासाच्या फरकात तुमचे जेवढे पैसे जातील, त्याच्या पावणेतीनपट तुम्ही ज्या गोष्टीबद्दल विचारलंच नाही तिथे जाणार आहेत.

आधी पास. माणशी फरक 245 फ्रँक, दोघांचा 490. मुलगी सोळाच्या आत आहे, म्हणून पासाबरोबर मोफत मिळणाऱ्या फॅमिली कार्डावर ती तुमच्याच वर्गातून फुकट येईल. फ्रँक 110 रुपये धरला तर फरक 54,000. आता गाडीत किती वेळ बसणार ते मोजा. विमानतळ ते ल्युसर्न तासाभराहून थोडं जास्त, ल्युसर्न ते इंटरलाकेन पावणेदोन-दोन तास, इंटरलाकेनहून लाउटरब्रुनेन, ग्रिंडेलवाल्ड आणि बर्नच्या फेऱ्या मिळून साडेतीन, मोंत्रोपर्यंत सव्वातीन, परतीला पावणेतीन. साधारण बारा तास. म्हणजे तासाला 4,500 रुपये, आणि त्या बदल्यात मिळतं काय? दोन-दोनऐवजी दोन-एक अशी आसनांची रांग, थोडी रुंद खुर्ची आणि कमी गर्दी. जेवण नाही, सामान उचलायला कोणी नाही, गाडीही लवकर पोहोचत नाही.

शिवाय स्वित्झर्लंडमधल्या ज्या गोष्टींसाठी लोक जातात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी पहिला वर्ग नसतोच. केबलकारला एकच वर्ग, पोस्टाच्या पिवळ्या बसला एकच, जुंगफ्राउयोख या बर्फाळ डोंगरखिंडीकडे बोगद्यातून वर नेणाऱ्या गाडीलाही एकच. आणि पास कोणत्याही वर्गाचा असो, जुंगफ्राउयोखचं तिकीट त्यात बसत नाही. पास चालतो तो ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत. तिथून वर फक्त 25 टक्के सूट. सूट धरूनही माणशी दीडशे फ्रँकांच्या वर जातात. टूरवाल्यांनी 'पासात सगळं येतं' असं सांगितलं असेल तर तुमच्या 8 लाखांच्या अंदाजात ही रक्कम आहे का ते तपासा. पहिल्या वर्गाच्या फरकात तुम्हा दोघांचं जुंगफ्राउयोख होऊन वर कॉफी-चॉकलेटला उरतात.

दुसऱ्या वर्गाची खरी अडचण कामाच्या दिवशी सकाळी सात ते साडेआठ आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा या वेळेत असते. तेव्हा झुरिक आणि बर्नच्या आसपासच्या गाड्यांत नोकरदारांची गर्दी असते. तुमचं विमान पहाटे उतरणार असेल तर विमानतळावर निवांत नाश्ता करा आणि नऊनंतरची गाडी पकडा. मोठ्या बॅगांचा त्रास दोन्ही वर्गांत सारखाच. वाटेतल्या स्टेशनांवर गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते आणि तेवढ्यात तिघांनी तीन मोठ्या बॅगा चढवायच्या असतात. दोन मध्यम बॅगांत भागवा.

काही गोष्टी वर्गाच्या हातात नाहीतच. ल्युसर्नहून इंटरलाकेनला जाताना गाडीच्या दिशेनं उजव्या बाजूला बसा. सार्नेन आणि लुंगर्नची तळी तिकडेच आहेत. मायरिंगेनला गाडी उलट दिशेनं निघते, त्यामुळे पुढचं ब्रिएंत्सचं तळंही जागा न बदलता त्याच खिडकीत येतं. इंटरलाकेन ओस्टहून सुटणारी गाडी वाटेत दोन तुकड्यांत फुटते, एक लाउटरब्रुनेनला आणि दुसरी ग्रिंडेलवाल्डला जाते. फलाटावरची पाटी आणि डब्यावरचं नाव वाचल्याशिवाय चढू नका. चुकीच्या तुकडीत बसलात तर पहिल्या वर्गाचा पासही तुम्हाला दुसऱ्याच दरीत नेईल.

एखाद्या प्रवासाला आरामशीर जावंसं वाटलंच, तर स्विस रेल्वेच्या ॲपवर त्या एका प्रवासापुरता वर्गबदल विकत मिळतो. मोंत्रोचा सव्वातीन तासांचा प्रवास त्यासाठी ठीक आहे. तसा त्या मार्गावरच्या गोल्डनपास एक्सप्रेस या गाडीच्या दुसऱ्या वर्गालाही मोठ्या काचा आहेत. त्याच गाडीतला प्रेस्टीज वर्ग पहिल्या वर्गाच्याही वरचा आणि त्याचे पैसे वेगळे. ल्युसर्नच्या बोटीचा वरचा डेक पहिल्या वर्गाचा असतो, आणि हवा स्वच्छ असेल तर तिथला वर्गबदल रेल्वेतल्यापेक्षा जास्त वसूल होतो. दोन-तीनदा असा वर्गबदल केलात तरी 54,000 च्या जवळपासही जाणार नाही.

आता कर्ज. 7.7 टक्के हा फ्लॅट रेट आहे, आणि तो एफडीच्या व्याजाशेजारी मांडणं ही शुद्ध दिशाभूल आहे. तीन वर्षांत तुम्ही साधारण 1,15,000 व्याज देणार. त्याला तिनानं भागलं, मग 5 लाखांनी भागलं, की येतात 7.7. पण पूर्ण 5 लाख तीन वर्षं तुमच्याकडे राहणारच नाहीत, दर महिन्याला तुम्ही मुद्दल परत करताय. अठराव्या हप्त्यानंतर बाकी उरते पावणेतीन लाख. घटत्या बाकीवर हिशेब केला की तोच हप्ता 14 टक्क्यांचा निघतो. तीन वर्षांच्या कर्जासाठी ढोबळ नियम असा, की फ्लॅट रेटला 1.8 नं गुणा. आरएमला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

हे झालं नुसतं व्याज. प्रक्रिया शुल्काबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण ते असतं. 2 टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरला तर 11,800. विम्याचे 20,000 कर्जातूनच कापले जाणार. म्हणजे कागदावर 5 लाख आणि हातात येणार 4,68,000. हप्ता मात्र पूर्ण 5 लाखांवरचा. या आकड्यांवर खरा दर साडेअठरा टक्क्यांच्या वर जातो. माझ्यावर विश्वास ठेवू नका, बँकेकडे 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्च मांडणारा कागद मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक किरकोळ (रिटेल) कर्जाला ते द्यावंच लागतं. त्यात एपीआर (सगळा खर्च धरून येणारा वार्षिक दर) नावाची एक ओळ असते, आणि बँकेनं वसूल केलेलं शुल्क आणि विम्याचा हप्ता धरूनच तो दर काढायचा असतो. आरएमनं वहीत खरडून दाखवलेला आकडा सोडा, ही ओळ वाचा.

दुसऱ्या बाजूला तुमची एफडी 7 टक्के देते ती कर कापण्याआधी. तुमच्या टप्प्यात हातात उरतात 4.8. म्हणजे 4.8 कमावणारे पैसे राखण्यासाठी तुम्ही साडेअठरा देताय. पाऊण टक्क्याचा फरक तो हाच!

रुपयांत बघा. व्याज, शुल्क आणि विमा मिळून कर्जाचा खर्च 1,47,000. त्याऐवजी एफडीतले 5 लाख वापरले आणि तोच 17,000 चा हप्ता बँकेला न देता रिकरिंगमध्ये भरला, तर तीन वर्षांनी कर जाऊन साडेसहा लाख जमतात. न मोडलेले 5 लाख तेवढ्याच काळात पावणेसहा होतील. पाऊण लाख इथेच वाचले. शुल्क-विम्याचे 32,000 वाचतात ते वेगळे. एफडी मुदतीआधी मोडल्याबद्दल व्याजात अर्धा-एक टक्का कापला जातो, ती कपात वजा करूनही तुम्ही लाखभर पुढे राहता.

मग एफडी मोडा असं मी म्हणतोय का? नाही. ती तुमच्या सात महिन्यांच्या घरखर्चाएवढी आहे, आणि पत्रावरून दुसरी कुठली शिल्लक दिसत नाही. ती हात न लावता ठेवावी ही तुमची इच्छा बरोबरच होती, फक्त तिच्यासाठी निवडलेला रस्ता चुकीचा.

बोनसचंही बघून टाकू. मेमध्ये कर्ज घेतलंत तर दिवाळीपर्यंत साधारण सहा हप्ते जातील आणि बाकी असेल 4,30,000. लाखभर बोनसात ती कशी फिटणार? निश्चित व्याजदराच्या वैयक्तिक कर्जात मुदतीआधी पैसे भरायला बहुतेक बँका दंड लावतात, काही जण सुरुवातीचे काही महिने भरूच देत नाहीत. विम्याचा एकरकमी हप्ता तर पहिल्याच दिवशी गेलेला. आणि तो विमा काय देतो? 5 लाखांचं संरक्षण, तेही बाकीबरोबर दर महिन्याला घटत जाणारं, तीन वर्षांपुरतं. कुटुंबाच्या सुरक्षेची काळजी असेल तर स्वतंत्र टर्म विमा घ्या. कर्जाला विमा जोडणं सक्तीचं नाही, कोणी काहीही म्हणो.

मला विचाराल तर सहल पुढच्या मेपर्यंत ढकला. 17,000 चा हप्ता तुम्हाला झेपतो हे तुम्हीच लिहिलंय. तो बारा महिने स्वतःच्या रिकरिंगमध्ये भरा, दोन लाख होतात. दिवाळीचा बोनस त्यात टाका. हातातले तीन धरून सहा लाख झाले. दुसऱ्या वर्गानं सहलीचा खर्च साडेसात लाखांवर येतो. वर्षभरात फ्रँक चार-पाच टक्के महागला तर 35,000 वाढतील. कर्जाचा खर्च त्याच्या चौपट आहे. मोंत्रो गाळलंत तर दोन रात्रींचं हॉटेल जातं आणि सहा दिवसांचा पास पुरतो, माणशी 40 फ्रँक कमी. तरीही लाख-दीड लाख कमी पडले तर तेवढ्यापुरता एफडीवर ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून मिळणारी उचल) घ्या. नऊ महिन्यांत फिटेल. स्वस्तात मिळतंय म्हणून नोव्हेंबरची सहल मात्र घेऊ नका. त्या महिन्यात कितीतरी केबलकार देखभालीसाठी बंद असतात.

यंदाच जायचं असेल, मुलीची दहावी जवळ येतेय वगैरे कारणं मला समजतात, तर वैयक्तिक कर्जाऐवजी पूर्ण गरजच ओव्हरड्राफ्टवर भागवा. एफडीच्या साधारण 90 टक्क्यांपर्यंत, एफडीच्या दरावर एक-दोन टक्के जास्त देऊन पैसे मिळतात, आणि व्याज फक्त वापरलेल्या रकमेवर, तेही वापरलेल्या दिवसांचंच. पहिला वर्ग सोडल्यावर गरज उरते साडेचार लाखांची. साडेआठ टक्के धरून महिना 17,000 भरलेत तर तीस महिन्यांत फिटते आणि व्याज जातं 50,000 च्या आसपास. त्या काळात एफडी तारण असल्यामुळे तुमची आकस्मिक शिल्लक सुरुवातीला जेमतेम महिनाभराची राहील, हे पत्नीशी बोलून ठरवा.

ओव्हरड्राफ्टचा एकच धोका आहे. त्याला हप्ता नसतो, म्हणून लोक फक्त व्याज भरत राहतात आणि मुद्दल वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. म्हणून शाखेत जाताना दोन कागद घेऊन जा. एक ओव्हरड्राफ्टचा अर्ज आणि दुसरा पगाराच्या दुसऱ्या दिवशी 17,000 आपोआप त्या खात्यात वळवण्याची स्थायी सूचना. दोन्ही एकाच भेटीत द्या. आणि अर्जात विम्याच्या चौकटीत आधीच खूण केलेली असेल तर ती खोडून मगच सही करा.