गाणं चालू राहू दे, स्क्रीन तेवढी बंद

ऑल-इन-वन म्हणजे स्क्रीनच्या पाठीमागेच अख्खा संगणक बसवलेलं यंत्र. मॉनिटर वेगळा असला की त्याचं बटण दाबून मोकळं होता येतं. इथे दोन्ही एकाच अंगात, त्यामुळे कुठलं बटण दाबलं की काय बंद पडेल याचा अंदाज येत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून आलेले बरेच प्रश्न याच घोळातले आहेत, म्हणून या वेळी ते एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : गायनाच्या क्लासमध्ये विंडोज ११ चा २४ इंची ऑल-इन-वन आहे. त्यावर तानपुरा लावून ठेवतो. समोर भगभगीत स्क्रीन असली की मुलांचं लक्ष तिकडेच जातं. बटण दाबून स्क्रीन घालवायला गेलं तर तानपुराही थांबतो. काय करावं?
— संगीतशिक्षक, शहापूर (बेळगाव)

उत्तर : तुम्ही दाबता ते पॉवरचं बटण, आणि ते दाबल्यावर संगणक स्लीपमध्ये जातो. स्लीपमध्ये प्रोसेसर थांबतो, आवाज थांबतो, ब्लूटूथ स्पीकर जोडलेला असेल तर तोही सुटतो. तुम्हाला नुसता स्क्रीनचा दिवा, म्हणजे बॅकलाइट, घालवायचा आहे. ही दोन कामं विंडोजच्या लेखी वेगळी आहेत.

आधी यंत्राच्या कडा चाचपून बघा. कित्येक मॉडेलवर उजव्या कडेला किंवा खालच्या बाजूला मॉनिटरचं चित्र असलेलं छोटं बटण असतं. ते फक्त स्क्रीन बंद-चालू करतं. विंडोजला त्याचा पत्ताही नसतो, त्यामुळे माऊस हलला म्हणून स्क्रीन मध्येच उजळत नाही. क्लाससाठी याहून चांगला उपाय नाही.

तसं बटण नसेल तर पॉवरच्या बटणाचंच काम बदला. स्टार्टमध्ये ‘कंट्रोल पॅनेल’ टाइप करून उघडा. त्यात हार्डवेअर अँड साउंड, मग पॉवर ऑप्शन्स, मग डाव्या बाजूला ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’. पॉवर बटणासमोरच्या यादीतून ‘टर्न ऑफ द डिस्प्ले’ निवडा आणि खाली ‘सेव्ह चेंजेस’ दाबा. आता बटण एकदा हलकं दाबलं की स्क्रीन काळी होईल आणि तानपुरा सुरू राहील. कुठलीही की दाबली की स्क्रीन परत येईल. मुलांना मात्र बजावून ठेवा, की बटण दाबून धरायचं नाही. काही सेकंद धरून ठेवलं तर यंत्र सक्तीने बंद होतं, आणि उघड्या फायलीतलं काम जातं. रात्री संगणक बंद करताना स्टार्ट मेनूतूनच करा.

एवढं करूनही स्क्रीनबरोबर आवाज गेला, तर यंत्र ‘मॉडर्न स्टँडबाय’ प्रकारचं असण्याची शक्यता आहे. अशा यंत्रात स्क्रीन बंद होणं ही डुलकी घेण्याची पहिली पायरी असू शकते. खात्री करायची तर कमांड प्रॉम्प्ट (टाइप करून आज्ञा द्यायची काळी खिडकी) उघडून पॉवरसीएफजी, एक स्पेस, तिरकी रेघ म्हणजे स्लॅश आणि पहिलं इंग्रजी अक्षर ए, असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. वरच्या यादीत ‘एस झिरो लो पॉवर आयडल’ दिसलं तर तुमचं यंत्र त्यातलंच. तेव्हा पॉवर बटणाचा नाद सोडा आणि ब्राइटनेस शून्यावर आणा. पूर्ण काळोख होणार नाही, पण उजेड पुष्कळ उतरतो.

विंडोजची की आणि एल एकत्र दाबण्याचाही मार्ग आहे. संगणक लॉक होतो, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये साधारण एका मिनिटाने स्क्रीन आपोआप विझते. परत येताना पासवर्ड द्यावा लागतो. क्लासमध्ये दर बंदिशीला तो टाइप करत बसणं जिकिरीचं, घरी रात्री ऐकायला मात्र हे सोयीचं.

प्रश्न : रात्री झोपताना यूट्यूबवर कुमारजींची निर्गुणी भजनं लावतो. एक मिनिटाने स्क्रीन बंद व्हावी असं सेटिंग केलंय, तरी ती रात्रभर चालूच राहते.
— वाचक, सुळेभावी

उत्तर : कुमार गंधर्वांचा जन्म तुमच्याच सुळेभावीतला, १९२४ सालचा. त्यांचं गाणं त्याच गावात रात्री ऐकलं जातंय हे वाचून फार बरं वाटलं.

आता अडचण. ब्राउझरमध्ये व्हिडिओ दिसत असतो तेव्हा ब्राउझर विंडोजला सांगून ठेवतो की कुणीतरी बघतंय, स्क्रीन बंद करू नकोस. नुसता आवाज असला की तो फक्त संगणक झोपू नये एवढंच मागतो. म्हणून भजन सुरू झालं की ब्राउझरची खिडकी मिनिमाइज करा. चित्र दिसेनासं झालं की ती मागणी सुटते आणि तुमचं एक मिनिटाचं सेटिंग कामाला लागतं. तरीही स्क्रीन विझत नसेल तर कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून पॉवरसीएफजी, स्पेस, तिरकी रेघ, रिक्वेस्ट्स असं इंग्रजीत टाइप करा. ‘डिस्प्ले’ या शब्दाखाली ज्या प्रोग्रामचं नाव दिसेल तोच स्क्रीन अडवून बसलाय.

सेटिंग्ज, सिस्टीम, पॉवर इथे आणखी एक गोष्ट तपासा. स्क्रीनची वेळ आणि स्लीपची वेळ अशा दोन ओळी असतात. स्क्रीनपुढे १ मिनिट आणि स्लीपपुढे ‘नेव्हर’ ठेवा. गाणं चालू असेपर्यंत विंडोज सहसा झोपत नाही, पण दोन भजनांच्या मधे नेट अडकलं आणि आवाज थांबला, की स्लीपची वेळ मोजायला सुरुवात होते.

व्हिडिओची क्वालिटी १४४पीवर आणली तर डेटा बराच वाचतो. आणि मध्यरात्री गाणं आपोआप थांबलं तर तो संगणकाचा दोष समजू नका. बराच वेळ कुणी हात लावला नाही की यूट्यूब ‘अजून बघताय का’ असं विचारून थांबतं. स्वतःकडे असलेल्या सीडीवरून फायली करून साध्या प्लेअरमध्ये लावल्या तर हा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : प्रिंटिंगच्या दुकानात ॲपलचा आयमॅक आहे. काम नसताना त्यावर गाणी चालतात. स्क्रीन बंद करायचं बटणच सापडत नाही.
— वाचक, निपाणी

उत्तर : आयमॅकवर स्क्रीनचं वेगळं बटण नाही, आणि मागचं पॉवर बटण या कामाचं नाही. ‘हॉट कॉर्नर्स’ वापरा. सिस्टीम सेटिंग्ज, डेस्कटॉप अँड डॉक, अगदी तळाशी हॉट कॉर्नर्स. डावा खालचा कोपरा घ्या आणि ‘पुट डिस्प्ले टू स्लीप’ निवडा. निवडताना कमांड की दाबून ठेवली तर तो कोपरा फक्त कमांडसोबतच चालतो. दुकानात हे कराच, नाहीतर लग्नपत्रिकेची जुळणी करताना माऊस कोपऱ्यात गेला की गिऱ्हाइकासमोर स्क्रीन काळी होईल.

जुन्या कीबोर्डवर डिस्कचं इजेक्ट बटण असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि इजेक्ट एकत्र दाबूनही तेच होतं. टच आयडीच्या (बोटाचा ठसा ओळखणाऱ्या) नव्या कीबोर्डवर मात्र त्या जागची की नुसतं लॉक करते. सेटिंग्जमधल्या एनर्जी या भागात ‘स्क्रीन बंद असताना आपोआप झोपू नये’ या अर्थाची खूण चालू ठेवा. परत येताना लगेच पासवर्ड विचारला जात असेल तर लॉक स्क्रीनच्या सेटिंगमध्ये ती वेळ वाढवता येते.

प्रश्न : मंडळाच्या मंडपात संगणकावरून आरत्या आणि भजनं लावतो. चित्र फक्त टीव्हीवर दिसावं, संगणकाची स्क्रीन बंद असावी. आवाज ॲम्प्लिफायरला जायला हवा, पण टीव्ही जोडला की ॲम्प्लिफायर गप्प होतो.
— गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते, येळ्ळूर

उत्तर : टीव्ही एचडीएमआय केबलने जोडल्यावर विंडोजची की आणि पी दाबा आणि ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडा. संगणकाची स्वतःची स्क्रीन बंद होईल.

एचडीएमआयमधून चित्राबरोबर आवाजही जातो, म्हणून विंडोज आवाज टीव्हीकडे वळवतो. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा, आवाजाच्या पट्टीशेजारचं छोटं चिन्ह दाबा, आणि यादीतून टीव्हीऐवजी स्पीकर किंवा हेडफोन निवडा. ३.५ मिलिमीटरच्या जॅकमधून वायर ॲम्प्लिफायरच्या लाइन इनला लावा, माइकच्या इनपुटला नको. माइकचं इनपुट फार नाजूक सिग्नलसाठी असतं, तिथे संगणकाचा आवाज फाटून येतो.

सतत गुणगुण येत असेल तर संगणक आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या प्लगवर आहेत का बघा. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतले की बहुतेक वेळा ती जाते. करंट जाऊन जनरेटर सुरू होताना टीव्ही क्षणभर बंद पडतो. तेवढ्यात विंडोज चित्र आणि आवाज दोन्ही पुन्हा हलवू शकतं, म्हणून संगणक छोट्या यूपीएसवर ठेवा, जमल्यास टीव्हीही.

आणि एक कळकळीची सूचना. आरती सुरू असताना संगणकाचा टुणकन येणारा नोटिफिकेशनचा आवाज अख्ख्या गल्लीत ऐकू जातो. सेटिंग्जमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करा, आणि साउंडच्या जुन्या पॅनेलमध्ये साउंड स्कीम ‘नो साउंड्स’ ठेवा.

प्रश्न : स्क्रीन बंद केली की पाच-दहा मिनिटांत आपोआप उजळते. कुणी हात लावलेला नसतो.
— वाचक, खानापूर

उत्तर : स्पीकर त्याच टेबलावर आहेत का? ढोलकीच्या ठेक्याने टेबल थरथरतं, माऊस केसभर सरकतो आणि स्क्रीनला जाग येते. स्पीकर भिंतीच्या फळीवर ठेवा, किंवा वायरलेस माऊसच्या पोटाखालचा स्विच बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमधली ‘या उपकरणाने संगणक जागा करावा’ ही खूण काढायला कुणी सांगेल, पण ती स्लीपमधून उठण्यासाठी आहे. विझलेली स्क्रीन उजळणं त्याने थांबत नाही.

प्रश्न : सासूबाई संगणकावर टीव्हीसारखा कापडी पडदा टाकतात. गाणं चालू असताना चालेल का?
— वाचक, संकेश्वर

उत्तर : नाही. बऱ्याच ऑल-इन-वनमध्ये गरम हवा बाहेर टाकायच्या फटी पाठीमागे, वरच्या कडेला असतात. कापड नेमकं तिथेच बसतं, पंखा जोरात फिरू लागतो आणि आतली उष्णता वाढते. त्यांना सांगा, की संगणक पूर्ण बंद करून गार झाला की खुशाल झाकावं. धुळीपासून ते चांगलंच आहे.

प्रश्न : काळा स्क्रीनसेव्हर लावला तर वीज वाचते का?
— वाचक, चिकोडी

उत्तर : नेहमीच्या एलसीडी स्क्रीनवर जवळपास नाहीच. काळं चित्र दिसत असलं तरी मागचा बॅकलाइट जळतच असतो. दिवा खरोखर विझवला तरच फरक पडतो. स्क्रीन २० वॉटची धरली आणि रोज ८ तास बंद ठेवली तर दिवसाला ०.१६ युनिट, महिन्याला ४.८ युनिट. हेस्कॉम या वीज कंपनीच्या बिलात हा आकडा मोठा नाही, पण कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत तुमचा वापर २०० युनिटच्या काठावर असेल तर नजर ठेवण्यासारखा आहे, कारण २०० ओलांडले की पूर्ण बिल भरावं लागतं. यूपीएसवर चालताना मात्र फायदा लगेच कळतो, तीच बॅटरी जास्त वेळ टिकते.

प्रश्न : शाळेतल्या संगणकावर विंडोजऐवजी उबुंटू ही प्रणाली आहे. परिपाठाची गाणी लावून स्क्रीन बंद करायची आहे.
— शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : विंडोजच्या चिन्हाची की आणि एल दाबा. संगणक लॉक होऊन स्क्रीन विझते, गाणं चालू राहतं. सेटिंग्जमधल्या पॉवरमध्ये ‘ऑटोमॅटिक सस्पेंड’ आधी बंद करून ठेवा, नाहीतर गाण्याच्या मधेच संगणक झोपू शकतो. जुन्या पुस्तकांत स्क्रीन विझवण्यासाठी दिलेली एक्ससेटची कमांड नव्या उबुंटूच्या नेहमीच्या वेलँड सत्रात (वेलँड म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारी नवी यंत्रणा) चालत नाही, तिच्यामागे वेळ घालवू नका.