तिठ्यावरच्या संध्याकाळी

प्रिय चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. नोकरी चांगली आहे, पण शहरात ओळखीचे कोणी नाही आणि खोलीवर परतल्यावर संध्याकाळ अंगावर येते, असे तू लिहिले आहेस. माझे एवढेच सांगणे आहे, की आठवड्यातील दोन संध्याकाळी राखून ठेव आणि त्याच त्या ठिकाणी, त्याच त्या वेळी, निदान तीन महिने जात राहा. पहिल्या दोन-तीन खेपांना तुला परके वाटेल आणि तिथेच बहुतेक जण जाणे सोडतात.

सुरुवात पबमधील क्विझपासून, म्हणजे मद्यगृहात टेबलाटेबलांच्या संघांत रंगणाऱ्या प्रश्नमंजूषेपासून कर. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात या क्विझचा प्रसार झाला, त्यामागचा हेतू आठवड्यातील ओस पडणाऱ्या रात्री गिऱ्हाईक यावे असा साधा व्यवहाराचा होता; परंतु त्या निमित्ताने एरवी एकमेकांशी बोलण्याचे काहीही कारण नसलेली माणसे एका टेबलाभोवती बसू लागली, हे मला फार मोलाचे वाटते. अशा क्विझमधल्या किरकोळ माहितीला ‘ट्रिव्हिया’ म्हणतात; या शब्दाचे नाते लॅटिनमधील ‘ट्रिव्हियम’ म्हणजे तिठा या शब्दाशी आहे, आणि तिठ्यावर माणसे थांबतात, दोन शब्द बोलतात, तसेच इथेही घडते. मद्य घेत नसशील तर खुशाल सोडा माग. कोणी काही विचारत नाही. एकटा गेलास तर सूत्रसंचालकाला सांग, तो एखाद्या अपुऱ्या संघात तुला बसवून देईल. ज्या संघात वयाचा आणि व्यवसायाचा मेळ नाही असा संघ मिळाला तर उत्तम, कारण जुनी गाणी एकाला, नद्यांची नावे दुसऱ्याला आणि फुटबॉलचे निकाल तिसऱ्याला ठाऊक असतात.

माझ्या तरुणपणीचा एक प्रसंग सांगतो. कोणत्या ग्रहाचे स्वतःभोवतीचे भ्रमण त्याच्या सूर्यप्रदक्षिणेपेक्षा अधिक काळ घेते, असा प्रश्न आला होता. मी ठामपणे ‘बुध’ म्हणालो. शेजारच्या वयस्कर बाईंनी हलक्या आवाजात ‘शुक्र’ म्हटले, पण माझ्या आवाजापुढे त्यांचे म्हणणे कागदावर उतरलेच नाही. शुक्राला सूर्याभोवती फिरायला सुमारे २२५ दिवस लागतात आणि स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करायला सुमारे २४३. उत्तर त्यांचेच बरोबर होते. त्या मला काही बोलल्या नाहीत आणि ते मला अधिक लागले. तेव्हापासून पेन्सिल माझ्या हाती असली, की मी सर्वांत कमी बोलणाऱ्याला आधी विचारतो. तूही तसेच कर, आणि फोन खिशातच राहू दे.

संगीतासाठी मोठ्या सभागृहाची तिकिटे काढण्याआधी, जिथे वादकाच्या हाताची हालचाल तुला दिसेल अशी लहान खोली शोध. पबमध्ये आयरिश पारंपरिक संगीताचे सेशन होत असेल तर ते चुकवू नकोस. तिथे मंच नसतो, वादक टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि समोर सहसा नोटेशनचा कागदही नसतो. बहुतेक धुनांचे दोन भाग असतात. प्रत्येक भाग आठ मात्राखंडांचा आणि दोनदा वाजवला जाणारा, म्हणजे एक आवर्तन बत्तीस खंडांचे. धून दोन-तीन वेळा फिरली, की न थांबता पुढची सुरू होते. त्या क्षणी टाळ्यांपेक्षा नजरेकडे लक्ष दे: फिडल (म्हणजे व्हायोलिन) वाजवणारी मान किंचित वर करते, बासरीवाला तिच्याकडे पाहतो, तिच्या गजाच्या पहिल्या ओढीवरून नवी धून ओळखतो आणि तिसऱ्या-चौथ्या स्वरावर तिला येऊन मिळतो, ज्याला ती येत नाही तो वाद्य मांडीवर ठेवून ऐकत राहतो. हे स्वस्थ ऐकणे मला वाजवण्याइतकेच सुंदर वाटते. महिनाभर गेलास, की एखादी धून तुला नावाशिवायच ओळखीची होईल. पैशांसाठी टोपी फिरवली, तर रिकाम्या हाताने ती पुढे देऊ नकोस.

आणि वसंत आता दाराशी आला आहे. विषुवदिनाच्या सुमारास दिवस सर्वांत वेगाने वाढतो. लंडनच्या अक्षांशावर दररोज सुमारे चार मिनिटांनी, म्हणजे आठवड्यात जवळजवळ अर्ध्या तासाने. म्हणून परतीच्या वाटेवर बस सोडून चालत ये. मागच्या आठवड्यात ज्या कोपऱ्यावर अंधार होता तिथे या आठवड्यात उजेड असेल. एखाद्या दिवशी सूर्योदयाच्या तासभर आधी खिडकी उघड. ब्लॅकबर्ड आणि रॉबिन हे पक्षी बहुधा सर्वांआधी गाऊ लागतात, कारण त्या वेळी हवा शांत असते आणि भक्ष्य शोधण्याइतका उजेड अजून नसतो. वाटेतले एकच झाड निवड. हॉर्स चेस्टनट असेल तर त्याच्या तपकिरी कळीला बोट लावून पाहा, ती राळेने चिकट लागेल. काही आठवड्यांत ती फुगून उकलते आणि आत घडी घातलेली, पांढुरकी लव असलेली पाने मिटलेल्या हाताच्या बोटांसारखी खाली लोंबतात. हे उकलणे आठ-दहा दिवसांत उरकते, आणि रोज त्या वाटेने न जाणाऱ्याला ते दिसत नाही.

तुझ्या झाडाची पहिली कळी कोणत्या तारखेला उकलली आणि क्विझमध्ये तुमच्या संघाचे काय झाले, ते पुढच्या पत्रात अवश्य लिही. वाट पाहतो आहे.

कळावे, लोभ असावा.